कॅनडा समजून घ्यायचा तर आधी जमीन कोणाची ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅनडाचा भूगोल, अर्थव्यवस्था आणि राज्यकारभार ही तीन प्रकरणं वेगवेगळी वाचली तर लक्षात राहत नाहीत, त्यांचा एकमेकांशी संबंध कसा लावायचा? आणि बळकट केंद्र असलेली संघराज्याची रचना भारताने कॅनडाकडून घेतली असं स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत असतं, मग तिथले प्रांत केंद्राला इतके कसे अडवू शकतात?

दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं. जमिनीखालचं तेल, पोटॅश, निकेल, जमिनीवरचं जंगल आणि नद्यांचं पाणी यांची मालकी कॅनडात प्रांतांकडे आहे, ओटावातल्या केंद्र सरकारकडे नाही. त्यात भूगोलाची ओढ उत्तर-दक्षिण आणि देश मात्र पूर्व-पश्चिम बांधलेला. एवढं धरून नकाशा उघडला की राज्यघटनेची कलमंही समजायला लागतात.

क्षेत्रफळ ९९.८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे बत्तीस पट. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या मात्र ३.७ कोटी. त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश लोक अमेरिकेच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत राहतात. क्यूबेक शहरापासून विंडसरपर्यंतच्या एका पट्ट्यात देशाची निम्मी लोकसंख्या मावते. याचं कारण लोक थंडी देतात, ते अर्धंच खरं आहे. विनिपेगमध्ये हिवाळा भयंकर असतो, तरी तिथे सात लाखांहून जास्त वस्तीचं शहर उभं आहे. वस्ती ठरवली ती मातीने.

हडसन उपसागराभोवती घोड्याच्या नालासारखा पसरलेला ढालप्रदेश देशाचा जवळजवळ निम्मा भाग व्यापतो. हा पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या खडकांपैकी एक. हिमयुगातल्या हिमनद्यांनी त्याच्यावरची माती खरवडून दक्षिणेला नेली आणि मागे उरले उघडे खडक, लाखो तळी आणि सूचिपर्णी अरण्यं. शेती जवळजवळ नाही, पण सडबरीचं निकेल आणि तांबं, टिमिन्सचं सोनं, लॅब्राडोरचं लोहखनिज याच खडकातलं. देशाच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम सहा-सात टक्के शेतीखाली आहे. त्यातली बहुतेक प्रेअरीत, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टात, आणि उरलेली मुख्यतः दक्षिण ऑन्टॅरिओ व सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यात.

आता या ढालप्रदेशाची जागा बघा. सुपिरियर सरोवराच्या उत्तरेला तो थेट पाण्यापर्यंत येतो आणि टोरांटो-मॉन्ट्रियलकडची वस्ती प्रेअरीपासून तोडतो. मधे हजारभर किलोमीटर खडक आणि जंगल. पूर्व आणि पश्चिम कॅनडाला जोडणारी वाट किती अरुंद आहे ते याच सरोवराच्या उत्तरेकडच्या निपिगॉन गावात कळतं. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या नदीवरच्या नव्या पुलाचे बोल्ट तुटले आणि रस्त्याचा भाग सुमारे ६० सेंटिमीटर वर उचलला गेला. उद्घाटन होऊन दोन महिनेही झाले नव्हते. एक मार्गिका लवकर सुरू झाली, पण तोवर देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मोटारीने जायचं तर अमेरिकेतून वळसा घालण्यावाचून वाट नव्हती. पश्चिमेला रॉकीजही तसेच आडवे. नोव्हेंबर २०२१ च्या पुरात व्हँकुव्हरला उर्वरित देशाशी जोडणारे सगळे रेल्वेमार्ग आणि प्रमुख महामार्ग एकाच वेळी तुटले, आणि धान्य व पोटॅशची निर्यात अडकून पडली.

अमेरिकेकडे जाताना यातला कोणताच अडथळा आडवा येत नाही. विनिपेगहून मिनेसोटाकडे, टोरांटोहून बफेलोकडे, व्हँकुव्हरहून सिॲटलकडे सपाट वाट आहे. म्हणून १८६७ मध्ये ऑन्टॅरिओ, क्यूबेक, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक हे चार प्रांत एकत्र आले, तेव्हा संघराज्य टिकवण्यासाठी भूगोलाच्या उलट जाणारी यंत्रणा उभारावी लागली. ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये सामील झाला तो रेल्वेच्या वचनावर. १८७९ मध्ये आयातीवर चढे कर लावून देशी कारखान्यांना संरक्षण दिलं गेलं. नोव्हेंबर १८८५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ क्रेगेलाकी इथे जुळले. या धोरणाचा फायदा मध्य कॅनडातल्या कारखानदारांना झाला. प्रेअरीतल्या शेतकऱ्याला नांगर महाग मिळाला आणि धान्याला भाडं जास्त पडलं. अल्बर्टा आणि ओटावा यांच्यातल्या कटुतेचं मूळ तिथे आहे, तेलात नाही. तेल बरंच नंतरचं.

रेल्वेचा विषय निघाला आहे तर हिवाळ्यात नेमकं काय बिघडतं तेही सांगतो, कारण निर्यातीचं गणित त्यावर चालतं. मालगाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. तापमान उणे २५ अंशांच्या खाली गेलं की डब्यांमधल्या नळ्यांच्या रबरी जोडांतून हवा गळायला लागते आणि शेवटच्या डब्यापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. उपाय एकच: गाडी आखूड करायची. म्हणजे तेवढ्याच मालाला जास्त गाड्या, जास्त इंजिनं, जास्त चालक. मार्ग बहुतांशी एकेरी असल्यामुळे गर्दी होते आणि व्हँकुव्हरच्या समुद्रात जहाजं धान्याची वाट पाहत नांगर टाकून उभी राहतात. त्या खोळंब्याचा दंड शेवटी शेतकऱ्याच्या भावातून वजा होतो.

पूर्वेकडचा जलमार्ग मानवी कर्तृत्वाचा मोठा नमुना आहे. १९५९ मध्ये सुरू झालेला सेंट लॉरेन्स जलमार्ग समुद्रातली जहाजं खंडाच्या पोटात नेतो. मॉन्ट्रियल ते ऑन्टॅरिओ सरोवर सात जलपाश (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारे बंदिस्त टप्पे), आणि नायगाऱ्याला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्यावर आणखी आठ. या आठ पायऱ्यांत जहाज ९९.५ मीटर वर चढतं. पण जहाजाची लांबी २२५.५ मीटर, रुंदी २३.८ मीटर आणि पाण्यातली खोली ८.०८ मीटर, याच्या पुढे जाता येत नाही. आजची मोठी कंटेनर जहाजं यात बसत नाहीत, ती मॉन्ट्रियलला किंवा हॅलिफॅक्सला थांबतात. शिवाय डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत जलपाश बंद. त्यामुळे पश्चिमेकडचा माल मुख्यतः व्हँकुव्हर आणि प्रिन्स रूपर्टकडे जातो.

प्रेअरीच्या शेतीशी आपला थेट संबंध आहे. महाराष्ट्रातल्या किराणा दुकानातली मसूर आणि पिवळा वाटाणा यातला बराच माल सस्कॅचवानचा असतो. तिथे दंव न पडणारे दिवस साधारण शंभर ते एकशेवीस, वर्षाचा पाऊस तीनशे ते पाचशे मिलिमीटर. मसुरीचं झाड पाणी मिळत राहिलं तर वाढतच राहतं, फुलं थांबवत नाही. दाणा भरायला त्याला कोरड्या हवेचा ताण लागतो, आणि तो ताण तिथला ऑगस्ट आपोआप देतो. सस्कॅचवान विद्यापीठाने १९७८ मध्ये लेयर्ड ही जात आणली आणि पुढच्या काही दशकांत कॅनडा मसुरीचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला.

मे महिन्यात पेरणी होते. पेरल्यावर शेतावरून जड रोलर फिरवतात, कारण शेंगा जमिनीलगत धरतात आणि कापणीयंत्राचं पातं खाली आणताना दगड आत जायला नकोत. कापणीच्या आधी झाडं एकसारखी वाळावीत म्हणून फवारणी करतात. बिघडतं ते दोन ठिकाणी. सप्टेंबर ओला गेला तर दाण्यावर डाग पडतात, प्रत उतरते. आणि वाटाणा-मसूर त्याच शेतात वारंवार घेतली तर ॲफानोमायसिस ही मूळकूज जमिनीत मुक्काम करते. तिच्यावर फवारणीचा इलाज नाही. सहा ते आठ वर्षं त्या शेतात ही पिकं घ्यायची नाहीत, हाच सल्ला दिला जातो. भारताने नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर ५० टक्के आणि त्याच डिसेंबरात मसुरीवर ३० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा सस्कॅचवानमधल्या शेतकऱ्यांना पुढच्या हंगामाची आखणी बदलावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याला शुल्कमाफी मिळाली तेव्हा इकडे हरभरा आणि तूर पिकवणाऱ्यांना भावाची धास्ती वाटली. दोन्हीकडचा शेतकरी एकाच दिल्लीतल्या अधिसूचनेकडे डोळे लावून बसतो.

याच सस्कॅचवानमध्ये सुमारे एक किलोमीटर खोलीवर पोटॅशचे थर आहेत. जगातलं साधारण एक-तृतीयांश पोटॅश कॅनडातून येतं. भारतात पोटॅशच्या खाणी नाहीत, सगळं बाहेरून आणावं लागतं. ऊस आणि द्राक्षांना टाकलेल्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीत प्रेअरीचा वाटा असू शकतो.

आता मालकी. १८६७ च्या घटना कायद्याच्या कलम १०९ ने जमिनी, खाणी, खनिजं आणि त्यांच्यावरचं स्वामित्वधन प्रांतांकडे ठेवलं. देशातली जवळजवळ ८९ टक्के जमीन सरकारी आहे, आणि त्यातला मोठा वाटा प्रांतांचा. पण १८७० मध्ये मॅनिटोबा आणि १९०५ मध्ये अल्बर्टा व सस्कॅचवान निर्माण केले तेव्हा ओटावाने त्यांच्या जमिनी स्वतःकडेच ठेवल्या, कारण रेल्वेला आणि वसाहतीला जमीन वाटायची होती. हा भेद १९३० मध्ये करार करून संपवला. अल्बर्टातल्या लेड्यूकला तेल लागलं फेब्रुवारी १९४७ मध्ये. म्हणजे मालकी मिळाल्यावर सतराच वर्षांनी. हे सतरा वर्षांचं अंतर उलटं पडलं असतं, तर अल्बर्टा आज वेगळाच प्रांत असता.

अल्बर्टाचं तेल म्हणजे वाळूत मुरलेलं डांबर. फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला ते उथळ आहे, तिथे खणून काढतात: एका पिंपासाठी सुमारे दोन टन वाळू. पण सुमारे ८० टक्के साठा खाणकामासाठी फार खोल आहे. तिथे एकावर एक साधारण पाच मीटर अंतराने दोन आडव्या विहिरी घेतात, वरच्या विहिरीतून वाफ सोडतात, डांबर पातळ होऊन खालच्या विहिरीत उतरतं. ते नळातून वाहावं म्हणून त्यात पंचवीस-तीस टक्के हलकं तेल मिसळावं लागतं. जड, गंधकयुक्त आणि समुद्रापासून लांब असल्यामुळे त्याला अमेरिकी तेलापेक्षा कमी भाव मिळतो. गिऱ्हाईक एकच असेल तर ही तूट आणखी वाढते. म्हणून पॅसिफिककडे तेलवाहिनी हवी होती.

ट्रान्स माउंटन वाहिनीची हकीकत म्हणजे कॅनडाच्या राज्यकारभाराचा पूर्ण धडा आहे. एडमंटनपासून व्हँकुव्हरजवळच्या बर्नबीपर्यंत सुमारे ११५० किलोमीटर. आंतरप्रांतीय वाहिनीला परवानगी देणं हा केंद्राचा अधिकार. अल्बर्टाला ती हवी, ब्रिटिश कोलंबियाला गळतीची भीती, त्यामुळे विरोध. खासगी मालकाने माघार घ्यायचं ठरवल्यावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरना ती विकत घेतली. त्याच ऑगस्टमध्ये संघीय अपील न्यायालयाने परवानगी रद्द केली, मुख्यतः मार्गावरच्या आदिवासी राष्ट्रांशी (तिथे आदिवासी समूहांना राष्ट्र म्हणतात) खरीखुरी सल्लामसलत झाली नाही म्हणून. पुन्हा सल्लामसलत, पुन्हा परवानगी. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश कोलंबियाचं अपील फेटाळलं. १ मे २०२४ रोजी वाढीव वाहिनी सुरू झाली, क्षमता दिवसाला तीन लाखांवरून ८ लाख ९० हजार पिंपांवर गेली, आणि खर्च सुमारे ३४ अब्ज डॉलरवर पोचला. एवढ्या सगळ्यात तेलाचा मालक प्रांत, वाहिनीचा परवाना केंद्राचा, जमिनीवर प्राचीन हक्क आदिवासींचा, आणि किनाऱ्याची काळजी दुसऱ्या प्रांताची. यातला कोणताही एक जण एकट्याने निर्णय लावू शकत नाही.

आदिवासी हक्कांना इथे शोभेचं कलम समजू नका. १९८२ च्या घटना कायद्यातलं कलम ३५ त्यांचे हक्क आणि करार मान्य करतं. हैडा या आदिवासी राष्ट्राच्या खटल्यातल्या २००४ च्या निकालाने सरकारवर सल्लामसलतीचं बंधन घातलं. प्रेअरी, उत्तर ऑन्टॅरिओ आणि त्यांच्या उत्तरेकडचा प्रदेश यांत १८७१ ते १९२१ दरम्यान क्रमांकाने ओळखले जाणारे अकरा करार झाले, ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक भागात करारच झाले नाहीत. तिथे २०१४ मध्ये त्सिलकोतीन राष्ट्राची सुमारे १७५० चौरस किलोमीटर जमिनीवरची मालकी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. खाण किंवा वाहिनीचा आराखडा करणाऱ्याने हा भाग सुरुवातीला धरला नाही तर पुढे वर्षं वाया जातात.

क्यूबेकची संपत्ती पाण्यात आहे. खडकाळ पठारावरून जेम्स उपसागराकडे आणि सेंट लॉरेन्सकडे उतरणाऱ्या नद्यांवर प्रांताच्या मालकीच्या हायड्रो-क्यूबेकने प्रचंड वीजकेंद्रं बांधली. त्यातलं रॉबर्ट-बुरासा एकटं ५६१६ मेगावॉटचं. वीज हजार किलोमीटर दक्षिणेला आणण्यासाठी ७३५ किलोव्होल्टची वाहिनी जगात पहिल्यांदा इथे १९६५ मध्ये चालू झाली. कॅनडात बॉक्साइटची खाण नाही, तरी ॲल्युमिनियमचा मोठा उद्योग आहे तो या स्वस्त विजेमुळे. कच्चा माल जहाजाने येतो आणि धातू अमेरिकेला जातो. याच भूगोलाने १३ मार्च १९८९ ला अंधारही केला. सौरवादळाने जमिनीत निर्माण झालेला प्रवाह ढालप्रदेशाच्या कठीण खडकातून सहज वाहू शकला नाही, तो लांबलचक वाहिन्यांत शिरला आणि दीड मिनिटाच्या आसपास सगळी यंत्रणा कोसळली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास विजेविना राहिले.

शेजारच्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर या प्रांतातल्या ५४२८ मेगावॉटच्या चर्चिल फॉल्सची जवळजवळ सगळी वीज १९६९ च्या करारानुसार २०४१ पर्यंत क्यूबेकला मिळते, युनिटला सुमारे ०.२ सेंट दराने. न्यूफाउंडलंडच्या माणसाला हा करार किती लागतो ते समजायला दुसरं उदाहरण शोधायला नको. नवा करार करायची सहमती दोन्ही प्रांतांत डिसेंबर २०२४ मध्ये झाली.

कारखानदारी मुख्यतः दक्षिण ऑन्टॅरिओत आहे, आणि ती सीमेवर बेतलेली. १९६५ च्या वाहन करारापासून मोटारीचे सुटे भाग विंडसर-डेट्रॉइटमध्ये अनेकदा सीमा ओलांडतात. त्यानंतर १९८९ चा अमेरिकेशी मुक्त व्यापार करार, १९९४ मध्ये मेक्सिकोसह नाफ्ता, आणि १ जुलै २०२० पासून त्याच्या जागी आलेला नवा करार. मालाच्या निर्यातीपैकी साधारण तीन-चतुर्थांश एकट्या अमेरिकेला जात आली आहे. ही सोय होती तोवर कोणी पूर्व-पश्चिम व्यापाराकडे फार लक्ष दिलं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या पोलाद आणि ॲल्युमिनियमवर आधी २५ आणि मग ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा प्रांताप्रांतांतल्या भिंती सगळ्यांच्या डोळ्यांत आल्या. या भिंती खऱ्या आहेत. क्यूबेकमध्ये स्वस्तात बिअर घेऊन न्यू ब्रन्सविकमध्ये परतणाऱ्या एका ग्राहकाला २९२.५० डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये न्यायालयाने प्रांताचा कायदा वैध ठरवला. जून २०२५ मध्ये संसदेने कायदा करून केंद्राच्या बाजूचे अडथळे काढले, पण मद्य, व्यवसाय परवाने, ट्रकच्या वजनाचे नियम यांतले बरेच प्रांतांच्या हातात आहेत.

आता दुसरा प्रश्न. १८६७ च्या कायद्यात केंद्र खरोखरच बळकट होतं. शेषाधिकार (कोणाच्याच यादीत नसलेल्या विषयांवरचा अधिकार) केंद्राकडे, प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरची नेमणूक केंद्राकडून, आणि प्रांताने केलेला कायदा रद्द करण्याचाही अधिकार केंद्राला. भारताने जे घेतलं ते हेच. पण कॅनडात पुढे ऐंशी वर्षं अखेरचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात होतं आणि तिथल्या न्यायाधीशांनी ‘मालमत्ता आणि नागरी हक्क’ हा प्रांतांचा विषय फार व्यापक अर्थाने वाचला. शेषाधिकार आकसत गेला. १९३७ चा निकाल निर्णायक: केंद्र आंतरराष्ट्रीय करारावर सही करू शकतं, पण विषय प्रांतांचा असेल तर अंमलबजावणीचा कायदा प्रांतांनीच करायचा. भारतात कलम २५३ संसदेला नेमका हा अधिकार देतं. त्यामुळेच युरोपीय संघाशी व्यापारी वाटाघाटी करताना कॅनडाला प्रांतांचे प्रतिनिधी सोबत बसवावे लागले.

प्रांताचा कायदा रद्द करण्याचा अधिकार शेवटचा वापरला १९४३ मध्ये. कागदावर तो आजही आहे, वापरण्याचं धाडस कोणी करत नाही. आपल्या कलम ३५६ सारखी राष्ट्रपती राजवट तिथे नाही, आयएएससारखी अखिल भारतीय सेवा नाही. प्रांतातला आणि केंद्रातला पक्ष नावाने सारखा असला तरी संघटना वेगळी असू शकते, त्यामुळे दिल्लीतून तिकीट वाटावं तसा प्रकार होत नाही. फौजदारी कायदा मात्र एकच, केंद्राचा. त्याची अंमलबजावणी प्रांत करतात.

केंद्रातली रचना पटकन सांगतो. राष्ट्रप्रमुख राजा चार्ल्स तिसरे, त्यांच्या वतीने गव्हर्नर जनरल. कनिष्ठ सभागृहात एप्रिल २०२५ च्या निवडणुकीपासून ३४३ जागा. सिनेट १०५ जणांचं, नेमलेलं, वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत. जागा प्रदेशवार आहेत: ऑन्टॅरिओ २४, क्यूबेक २४, पश्चिमेचे चार प्रांत मिळून २४, पूर्वेचे तीन सागरी प्रांत मिळून २४, न्यूफाउंडलंड ६, उत्तरेकडच्या तीन टेरिटरींना (प्रांताचा दर्जा नसलेल्या प्रदेशांना) प्रत्येकी एक. अल्बर्टाला सहा आणि छोट्या न्यू ब्रन्सविकला दहा, ही पश्चिमेची जुनी तक्रार आहे. बदलायची तर सात प्रांत आणि त्यांत निम्मी लोकसंख्या अशी संमती लागते, म्हणून कोणी हात लावत नाही. सर्वोच्च न्यायालयात नऊपैकी तीन न्यायाधीश क्यूबेकचे, कारण तिथला दिवाणी कायदा फ्रेंच परंपरेचा. १९९५ च्या सार्वमतात क्यूबेकने वेगळं व्हायला ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्के इतक्या थोडक्या फरकाने नकार दिला, हे आकडे ओटावातला कोणताही पंतप्रधान विसरू शकत नाही. हक्कांच्या सनदेतल्या काही कलमांना पाच वर्षांपुरतं बाजूला ठेवणारं कलम ३३ ही प्रांतांच्या हातातली आणखी एक ताकद.

समानीकरण अनुदानाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून. १९५७ पासूनची ही योजना. प्रत्येक प्रांताने देशातल्या सरासरी दराने कर लावला तर दरडोई किती महसूल मिळेल ते पाच गटांत मोजतात: वैयक्तिक प्राप्तिकर, व्यवसायकर, उपभोगकर, मालमत्ताकर आणि नैसर्गिक संसाधनं. दहा प्रांतांच्या सरासरीपेक्षा कमी भरेल त्याला अनुदान. अल्बर्टाचं सरकार क्यूबेकला पैसे पाठवतं असं सर्रास म्हणतात, ते चूक आहे. पैसा केंद्राच्या तिजोरीतून जातो, म्हणजे सगळ्या करदात्यांकडून. अल्बर्टात पगार जास्त म्हणून तिथून केंद्रीय कर जास्त जमा होतो, इतकंच. २०२४-२५ मध्ये एकूण सुमारे २५.३ अब्ज डॉलर वाटले, त्यातले १३.३ अब्ज क्यूबेकला. अल्बर्टाला १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर हे अनुदान मिळालेलं नाही, आणि तो प्रांत स्वतःचा विक्रीकर लावत नाही.

तीन टेरिटरी ही निराळी गोष्ट. त्यांचे अधिकार घटनेतून नव्हे, संसदेच्या कायद्यातून येतात. १ एप्रिल १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या नुनावुतचं क्षेत्रफळ भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आणि लोकसंख्या ३७ हजारांच्या आसपास. पंचवीस वस्त्या, एकीलाही बाहेरून रस्ता नाही. सामान उन्हाळ्यात जहाजाने, एरवी विमानाने. वीज डिझेलवर. विधानसभेत पक्षच नाहीत, सगळे सदस्य अपक्ष निवडून येतात आणि मुख्यमंत्री आपसांत निवडतात. शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये यलोनाइफच्या पुढच्या हिऱ्यांच्या खाणींना वर्षभराचं डिझेल आणि सिमेंट गोठलेल्या तळ्यांवरून जाणाऱ्या रस्त्याने पोचवावं लागतं, आणि तो रस्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे दोन महिनेच चालतो. पूर्ण भरलेल्या ट्रकला मीटरभर जाड बर्फ लागतो. ट्रक वेगाने गेला तर बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि पुढचा बर्फ फुटतो, म्हणून वेगाची मर्यादा काटेकोर पाळतात. हिवाळा उबदार गेला की भरलेला ट्रक अर्धा रिकामा न्यावा लागतो.

शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांना या सगळ्याचा उपयोग असा की कोणतं काम कोणत्या सरकारकडे आहे ते आधी ओळखता येतं. व्हिसा आणि अभ्यास परवाना केंद्राचा, कॉलेजला मान्यता प्रांताची. २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना अर्जासोबत प्रांताचं साक्षांकन पत्र जोडावं लागतं, क्यूबेकला जायचं तर त्या प्रांताचं स्वतंत्र स्वीकृतीपत्र. वाहन परवाना, आरोग्य कार्ड, घरभाड्याचा कायदा प्रांताचा. डॉक्टर, परिचारिका, अभियंता यांची नोंदणी प्रत्येक प्रांतात वेगळी, आणि एका प्रांतातली नोंदणी दुसरीकडे आपोआप चालत नाही. किमान वेतन आणि रजेचे नियमही प्रांताचे, पण नोकरी बँक, रेल्वे, विमान कंपनी किंवा दूरसंचार कंपनीत असेल तर केंद्राचा कामगार कायदा लागतो. तक्रार चुकीच्या दारात नेली तर महिने जातात. आणि क्यूबेकमध्ये राहायचं ठरलं तर प्राप्तिकराची विवरणपत्रं दोन भरायची असतात, एक ओटावाला आणि एक प्रांताच्या महसूल खात्याला.